साक्षीदाराची जागा

त्या सोमवारी मी कोर्टाच्या कुंपणापाशी पोचले, तेव्हा अण्णांचं टेबल अजून निळ्या प्लास्टिकखालीच होतं. दोरीची गाठसुद्धा सुटलेली नव्हती. मला आधी रागच आला. उशीर होणार असेल तर फोन करायचा, म्हणजे आलेल्या माणसाला दुसऱ्याने थांबवून धरायचं, असं आमचं ठरलेलं होतं. त्यांच्याकडे आलेल्या म्हातारबाबांना मी माझ्याकडे बसवलं, सवयीने दोन चहा सांगितले आणि अण्णांना चार शब्द ऐकवावेत म्हणून फोन लावला. उचलला त्यांच्या सुनेने. "सविताताई, अण्णा पहाटे गेले... झोपेतच," ती म्हणाली. तेवढ्यात चहा आले. अण्णांचा कप कुणापुढे ठेवावा, ते मला कळेना. या गोष्टीला आता दीड महिना झाला.

मधुकर पगारे, म्हणजे आमचे अण्णा, पस्तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहीत होते. मी शेजारच्या टेबलावर टायपिंग करते. आधी मशीनवर करायचे, आता लॅपटॉपवर. दिंडोरीचा बांधाचा वाद असो की निफाडच्या सासूची तक्रार, माणूस समोरच्या स्टुलावर बसायचा, बोलायला लागायचा आणि अण्णांचं पेन हिरव्या कागदावर न अडखळता चालायचं. खाली सही किंवा अंगठा त्या माणसाचा. लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही. अण्णांना ते फार सोयीचं वाटत असे.

मग एक तरुण प्रकाशक नावातल्या दुरुस्तीचं प्रतिज्ञापत्र करायला आला. नंबर येईपर्यंत त्याने टेबलावरचा एक अर्ज वाचला. नवऱ्याने नांदायला न्यावं म्हणून एका बाईने केलेला तो अर्ज होता. वाचून झाल्यावर त्याने तो पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग म्हणाला, "काका, मला एक प्रेमाची कादंबरी लिहून द्याल? दीडशे पानं. दिवाळीच्या आत." अण्णा भिडस्त माणूस, हो म्हणून बसले. आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचा हात थांबला.

तीन आठवडे त्यांनी काय काय केलं! पेन धुतलं, कागद बदलला, टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा सरकवला. शेवटी एक पान लिहून माझ्यापुढे ठेवलं. "मी, कु. रेखा, वय २३ वर्षे, धंदा शिक्षण, रा. दिंडोरी, सत्यप्रतिज्ञेवर कथन करते की, माझे सुनील यांच्यावर प्रेम आहे. सदर प्रेमास माझी कोणतीही हरकत नाही." मी खो खो हसले. हसायला नको होतं. अण्णांचे कान लाल झाले, त्यांनी पानाची घडी खिशात घातली आणि आठ दिवस तो विषय काढला नाही. नवव्या दिवशी म्हणाले, "त्या पोराला नाही म्हणून कळव. अर्जात चुकलं तर अर्जदाराचं चुकतं, सविता. इथं चुकलं की पगाऱ्याचं. मला भीती वाटते गं." साठी उलटलेला माणूस इतकं सरळ बोलला की मला माझ्याच हसण्याची लाज वाटली.

जेवणाच्या सुट्टीत मी जाऊन त्यांच्या समोरच्या स्टुलावर बसले. म्हटलं, "अण्णा, अर्ज लिहायचाय. मी रेखा. सुनील चार दिवस माझ्याशी बोललेला नाही."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग कागद ओढला. "मोघम नको. भांडण कुठं झालं?"

तिथून गाडी रुळावर आली. रोज दुपारी मी रेखा व्हायचे आणि अण्णा माझी उलटतपासणी घ्यायचे. तो काय बोलला, तू तेव्हा कुठे बघत होतीस, घरी जाऊन जेवलीस का... खरं तर माझा घटस्फोटाचा अर्जही याच टेबलावर, याच माणसाने लिहिलेला. प्रेमाबद्दल मी काय कपाळ सांगणार! पण विचारणारा असा असला की आतलं कुठलं कुठलं वर येतं. दिवाळी महिन्यावर आली तेव्हा एकशे तीस पानं झाली होती.

शेवटच्या प्रकरणाशी घोडं पुन्हा अडलं. रेखा-सुनीलचं लग्न झालं होतं, आता प्रकाशकाला गोड शेवट हवा होता. आठवडाभर एक ओळ नाही. "परत करू," अण्णांनी पुन्हा सुरू केलं. मी म्हटलं, "उठा. आज तुम्ही स्टुलावर बसा." पस्तीस वर्षांत ते त्या स्टुलावर कधी बसले नव्हते. मी त्यांच्या खुर्चीत बसून पेन उघडलं आणि विचारलं, "बोला, काय तक्रार आहे?"

त्यांनी माझ्यापुढचा कागद सरळ केला. मग म्हणाले, "कमलची आहे... म्हणजे माझीच." कमलकाकू जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. "तीस वर्षं तिनं मला डब्यात कोरडी भाजी दिली. रस्सा कधी नाही. मी चिडायचो. एकदा चारचौघांत म्हटलं, हिला रस्सा जमतच नाही. ती हसली फक्त. ती गेल्यावर एकदा खानावळीतनं डबा मागवला, तर एका बाईच्या अर्जावर तेल सांडलं. सगळा अर्ज परत लिहिला. तेव्हा डोक्यात उजेड पडला, की ही कोरडी भाजी का देत होती. लोकांच्या कागदाला डाग नको म्हणून. तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. लोकांच्या बायकांसाठी एवढं लिहिलं, हिला कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत." मला लिहिता येईना. अक्षर दिसत नव्हतं.

पुढची वीस पानं त्यांनी चार दिवसांत घरी बसून एकट्याने लिहिली. त्यात रेखाचा नवरा एक दिवस भर पंगतीत तिच्या कोरड्या भाजीचं कौतुक करतो. एवढाच शेवट. शेवटच्या पानाच्या तळाशी अण्णांनी खरेदीखतासारखं लिहिलं होतं : लिहून देणार - मधुकर पगारे. लिहून घेणार - कालकथित कमल मधुकर पगारे. साक्षीदार, क्रमांक एक... आणि पुढे रिकामी रेघ. "सही कर," म्हणाले. "तू ऐकलंयस." मी म्हटलं, "अण्णा, कादंबरीला कुठं साक्षीदार असतात? करते नंतर." छापताना प्रकाशकाने तो तळाचा मजकूर गाळला. दिवाळीत पुस्तक आलं, त्यावर अण्णांचं नाव ठसठशीत छापलेलं. निफाडचा एक पक्षकार वाचून आला आणि म्हणाला, "अण्णा, लय भारी लिवलं. पण निकाल काय लागला ते समजलंच नाय!" अण्णा पोट धरून हसले. त्यांना तसं हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. अधूनमधून ते आठवण करून द्यायचे, "सही राहिलीय हं." आणि मी म्हणायचे, "करते हो, पान काय पळून चाललंय?"

अण्णांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, श्रद्धांजलीची भाषणं संपल्यावर, त्यांच्या सुनेने ती हस्तलिखिताची फाइल माझ्या हातात दिली. "तुम्हाला द्यायला सांगून ठेवलं होतं," म्हणाली. दुसऱ्या दिवशी टेबलाशी बसून मी शेवटचं पान काढलं, पेन उघडलं आणि रेघेवर टेकवणार, तोच अण्णांचा आवाज आठवला. किती जणांना त्यांनी तिथे बसून दरडावलं असेल, "लिहून देणाऱ्याच्या देखत सही करायची. त्याच्या माघारी केली तर ती साक्ष नव्हे."

मी पेन बंद केलं. आता ते पान माझ्या ड्रॉवरमध्ये असतं. हल्ली मीही डब्यात कोरडी भाजीच आणते. जेवण झालं की हात धुऊन, नीट पुसून ड्रॉवर उघडते आणि पान बघून परत ठेवते. पानावर कुठे डाग नाही. साक्षीदारापुढची रेघ तेवढी रिकामी आहे.