गुळगुळीत बाजू

संग्रहालयाच्या छताला आमची चौकट उलटी टांगलेली दिसली आणि माझं डोकं असं फिरलं की हातातलं हेल्मेट मी जमिनीवर आपटलं.

सांवेर रोडवरच्या शेडमध्ये आम्ही या चौकटी बनवत होतो. लोखंडी सांगाड्यात एसीच्या थंड पाण्याचे पाइप, डक्ट, केबलचा ट्रे असं सगळं आधीच बसवायचं, पाणी भरून दाब तपासायचा आणि ट्रकने साइटवर न्यायचं. इमारतीच्या भिंती एवढ्या वळणाच्या की छताच्या पोटात शिरून पाइप जोडायला माणसाला जागाच नाही. म्हणून व्हॉल्व्हची बाजू छतातल्या ट्रॅपडोअरकडे यावी, यावर मी डोकेफोड केली होती. पाइप गळला तर तिथूनच हात घालून पाणी बंद करता येतं.

ती बाजू दिसायला ओबडधोबड. दुसरी ॲल्युमिनियमच्या पत्र्याने मढवलेली, गुळगुळीत. खालचं फॉल्स सीलिंग अजून लागायचं होतं, मंत्री पाहणीला येणार होते, आणि प्रोजेक्ट मॅनेजर साहेबांनी चांगली बाजू दिसावी म्हणून चौकट फिरवून टांगायला लावली. पाहुणे यायचे म्हणून सोफ्याची फाटकी बाजू भिंतीला लावतात, तसं. जोड जुळेनात, तेव्हा दोन्ही टोकांना लवचिक पाइप ताणून बसवले. व्हॉल्व्ह गेले भिंतीकडे.

बरोबर त्या चौकटीखाली काचपेटी होती, माझ्या पणजोबांच्या कोटासाठी. ते महूच्या छावणीत शिपाई होते. त्यांचा लोकरी कोट आईने कडुनिंबाचा पाला घालघालून जपला होता. संग्रहालयाने मागितला तर ती द्यायलाच तयार नव्हती. “मैं हूँ ना वहाँ, आई. तिथलं काम मीच तर बघतेय,” असं मी म्हटलं, तेव्हा कुठे हो म्हणाली. पाहणीच्या दिवशी सकाळी ती स्वतः कोट आणणार होती.

“सर, वर काही गळलं तर पाणी बंद कसं करणार?” मी साहेबांना विचारलं.

“अगं, गळेल तेव्हा बघू. तू टेस्ट केलंयस ना?”

“शेडमध्ये केलंय. हे ताणलेले पाइप किसने टेस्ट केले? सगळं पाणी कोटावरच येणार ना.”

“किती टेन्शन घेतेस. एकदा छत लागलं की कोणाला दिसतंय?”

मला त्या ‘अगं’चाही संताप आला. शेजारी उभ्या कंत्राटदाराला ते अहोजाहो करत होते, आणि चौकटीचं डिझाइन करणारी मी मात्र अगं. मी त्यांना ड्रॉइंगवर लाल खुणा करून पाठवल्या. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा पाठवला. चौकट होती तशीच.

पाहणीच्या आदल्या दिवशी सकाळी मी त्यांच्या केबिनमध्ये गेले.

“सर, कोट येणार नाही. चौकट सरळ होत नाही तोवर आई नाही म्हणतेय.”

आईला मी विचारलंही नव्हतं.

“म्हणजे पेटी रिकामी?”

“हो. बिल्कुल रिकामी.”

साहेब खुर्चीतून उठले. पाणी गळेल या भीतीने ते हलले नव्हते. रिकामी काच, तिच्यावर सोडलेले दिवे आणि समोर मंत्री, एवढं डोळ्यांपुढे आलं आणि त्यांनी स्वतः फिटरांना हाक मारली. “चलो भिया, घुमाओ इसको,” म्हणत फिटरांनी चेन-पुली लावली आणि संध्याकाळच्या आत चौकट सरळ झाली. लवचिक पाइप काढले, दाब पुन्हा तपासला. मी शिडीवर चढून व्हॉल्व्ह बंद केला, उघडला, परत बंद केला. राग काही उतरला नाही.

सकाळी आई कोट घेऊन आली. साहेब पुढे होऊन तिला म्हणाले, “तुमची मुलगी फार हट्टी आहे हो. पण तिचा शब्द आम्ही खाली पडू देत नाही.” मी पेटीचं झाकण उघडून धरलं. आईने कोटाची कॉलर नीट केली आणि पेटी बंद झाली.

परत जाताना बसमध्ये ती खुशीत होती.

“देख, किती मान देतात तुला तिथे.”

मी खिडकीबाहेर बघत हो म्हटलं.