ग्लास पाडणारी मांजर

मांजर मुद्दाम भांडी का पाडते, असं लोक विचारतात. आमची पाडायची. त्याचं कारण मला उशिरा कळलं.

आमच्या मालकांना, म्हणजे यांना, लकवा झाला तेव्हा उजवं अंग गेलं, बोलणंही गेलं. पडवीत त्यांची खाट टाकली होती. मी मागच्या अंगणात डाळ पाखडत, नाहीतर चुलीपाशी. मांजर त्यांच्या पायाशी बसायची आणि थोड्या वेळानं स्टुलावरचा स्टीलचा ग्लास पंजानं ढकलून द्यायची. आवाज आला की मी शिव्या देत यायचे.

"मेले, तुले दुसरा धंदा नाही?"

पाणी पुसायचे, यांचं पांघरूण सारखं करायचे, जायचे. हे अर्ध्या तोंडानं हसायचे.

यांची थोरली बहीण दिग्रसहून पाहायला आली.

"हे मांजर त्याच्या छातीकडे टक लावून पाहून राह्यलं वं. असं जनावर जीव ओढते. काहून ठेवलं घरात?"

"मंग मारू का?"

"मारतं कायले? मारलं त काशीले सोन्याचं मांजर द्या लागते. देशील? नाल्यापल्याड सोड."

मांजर सोडायची आमच्याकडे रीत आहे. पोत्यात घालून तीनदा गरगर फिरवायचं, म्हणजे ती वाट विसरते, आणि पाणी ओलांडून सोडायचं. मी तसंच केलं. पोतं उघडलं तरी ती पळाली नाही. माझ्याकडे बघत बसली. मी निघून आले.

चार दिवस घर शांत होतं. कामं भराभर उरकली. पाचव्या दिवशी ग्लास पडला. धावत गेले, तर यांचा डावा हात स्टुलावर होता.

"आता तुमीबी मांजरावानी करून राह्यले का? मले कामं नाहीत?"

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. पाणी पुसताना माझ्या ध्यानात आलं. ग्लास पडला की मी यायचे. हे मांजरीला कळलं होतं, यांनाही. चार दिवसांत मी फक्त दोन वेळच्या घासापुरती तिथे गेले होते.

दुपारी नाल्यापल्याड गेले. सोयाबीनच्या बांधांवरून, धुऱ्याधुऱ्यानं हाका मारल्या. सापडली नाही.

मग डाळ पाखडायला मी खाटेपाशीच बसू लागले. बोलायचेही. त्यांचं तोंड भिंतीकडेच. ग्लास हाताशी ठेवला तरी पुन्हा पाडला नाही. महिन्यानं हे गेले. मी शेजारीच होते, हातात सूप होतं, तरी कधी गेले ते मला कळलं नाही.