आमच्या पुढचे अर्ज

मुलीच्या नॉन-क्रिमीलेअर दाखल्यासाठी मी कोणाला एक रुपयाही दिला नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढच्या गोष्टीचा अर्थ मला अजून नीट लावता येत नाही.

वाळूजच्या कंपनीतून रजा काढून गावाकडच्या सेवा केंद्रात ऑनलाइन अर्ज भरला. कॉलेज प्रवेशाची मुदत चार दिवसांवर होती. केंद्रचालक म्हणाला, "काका, आता अर्ज नंबरानंच उघडतेत. मधला उचलता येत नाय. वशिला संपला."

ऐकून बरं वाटलं, पण चार दिवसांत आपला नंबर लागेल याची खात्री नव्हती. तहसीलच्या कचेरीत अर्ज तपासायला माझा शाळेतला मित्र होता. त्याला फोन करून लवकर कर म्हणालो. "चहा पाज फक्त," तो हसला. दुसऱ्या दिवशी दुपारी दाखला मोबाइलवर आला.

छापील प्रत काढायला गेलो, तर केंद्रात मेंढरं राखणारे एक गृहस्थ बसले होते. त्यांच्या मुलीचा अर्ज परत आला होता. शेरा होता, रेशनकार्डाची प्रत अस्पष्ट. मी स्क्रीनवर पाहिलं. सगळी नावं वाचता येत होती.

"मागं कारकुनाला काहीतरी दिलं की काम व्हायचं," ते म्हणाले. "आता कम्प्युटरला काय देऊ?"

चालक माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "पुढचे अर्ज निकाली निघाल्याबिगर मागचा उघडत नाय, काका. त्रुटी काढून परत धाडला तरी तो निकालीच. आज आपल्या केंद्राचे सहा परत आलेत. सगळे तुमच्या आधीचे."

मी बाहेर जाऊन मित्राला फोन लावला.

"अरे, तूच म्हणालास ना, लवकर कर? नियमातच केलंय. पुन्हा भरू दे त्यांना."

पुन्हा भरायचा म्हणजे नंबर शेवटी. मुदत तर त्यांचीही तीच. मी म्हणालो, "मग यांचाही कर."

"करतो की," तो सहज म्हणाला.

चालकानं त्यांचा अर्ज पुन्हा भरला आणि दाखला लगेच आला. ते माझे हात सोडेनात. "लई उपकार झाले, साहेब." साहेब म्हणू नका, एवढंच मी म्हणालो.

त्यांच्या पुढे किती अर्ज होते, हे मी मित्राला विचारलं नाही. केंद्रचालकाला विचारता आलं असतं. तो समोरच बसून कोणाला तरी फोनवर सांगत होता, "ताई, तुमचा अर्ज परत आलाय."