शेवटची बारा वचनं
डांबरगोळ्यांचा वास आला की मला नाशिकमधली ऐंशीच्या सुमाराची एक गारठ्याची रविवार दुपार आठवते. सुरगाण्याकडून कामाला आलेला, सातवीत शाळा सुटलेला मी चर्चमधल्या बायबलवर्गाला नेमाने जायचो. ओळीवर बोट ठेवून नीट वाचायला मला तिथल्या म्हाताऱ्या गुरुजींनीच शिकवलं. त्या दिवशी मागच्या बाकावर चर्चच्या कमिटीतले दोघे येऊन बसले होते, आणि पेटीतून काढलेल्या त्यांच्या कोटांचा वास खोलीभर पसरला होता. एकाने मला विचारलं, "काय रे, मार्काच्या शुभवर्तमानाबद्दल काय शिकवलं तुला?" गुरुजींनी खडू खाली ठेवला. त्यांचे उपकार फेडायची संधी आली, असंच मला वाटलं. मी उभा राहून धडाधड सांगितलं, "शेवटची बारा वचनं सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत नाहीत. बाया येशूची रिकामी कबर बघून भ्यायल्या, पळाल्या, कुणाला काय बोलल्या नाहीत, तिथंच संपतं. रोमी राज्यात छळ होत होता, तसल्या घाबरलेल्या लोकांसाठी लिहिलंय ते. पुढचं, प्रभू लोकांना दिसल्याचं, कुणीतरी मागाहून जोडलं." "म्हणजे मेलेल्यांतून उठलेला प्रभू कुणाला दिसलाच नाही?" दुसऱ्याने शांतपणे विचारलं. "गुरुजी म्हणतात, न बघता विश्वास ठेवायला लय धीर लागतो." त्याने ते वहीत उतरवून घेतलं. गुरुजी एवढंच म्हणाले, "बरोबर सांगितलंस, बस आता." पुढच्या रविवारी फळ्यासमोर दुसरेच मास्तर उभे होते, आणि गुरुजींचं नाव कुणी काढलं नाही. आज घरापासून इतक्या लांब बसून हे लिहिता येतं ते त्यांच्याचमुळे, पण कुणी शांत आवाजात काही विचारलं की अजून मी आधी त्याच्या हातात वही आहे का ते बघतो.