हत्यारं कमळच्या खांद्यावर

दिवेआगरात कुणाच्या वाडीतला पंप बसला की फोन रामचंद्रला जायचा. चक्रीवादळानंतर तर कितीतरी दिवस तो घरी धड जेवायलाही आला नव्हता. आडव्या पडलेल्या माडांखालून वायरी ओढून काढायच्या, भिजलेल्या मोटारी उघडून वाळवायच्या, हेच चाललं होतं. सोबत बायको कमळ असायची. तो विहिरीच्या कठड्यावर वाकलेला असायचा आणि न बघता हात मागे करायचा. कमळ त्या हातात हवं ते हत्यार ठेवायची. कुठल्या नटाला कुठला पाना, हे ती अशीच शिकत गेली.

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी रामचंद्रच्या हातातून चहाचा कप निसटला. उजवं अंग गेलं. अलिबागच्या दवाखान्यातून तो खुर्चीत बसण्याइतपत बरा होऊन परत आला, पण जीभ जड झाली. मनात शब्द आख्खा असायचा, तोंडातून तुटत तुटत, कधी निम्माच बाहेर पडायचा.

फोन मात्र थांबले नाहीत. "आजारी हायेत ते," असं कमळ सांगायची. मग शेजारच्या वाडीतला पंप तिने एकदा भीतभीत उघडला, आतली जळकी वायर बदलली आणि पाणी आलं. तिथून लोक तिलाच बोलवायला लागले.

नागावच्या चिराग नावाच्या माणसाने दिवेआगरातच समुद्राच्या बाजूला एक वाडी घेऊन तिथे होमस्टे काढला होता. एका शनिवारी सकाळीच त्याचा फोन आला. पाहुण्यांनी खोल्या भरल्या होत्या आणि मोटार नुसती गुणगुणत होती, पाणी उचलत नव्हती.

कमळने नवऱ्याची कॅनव्हासची पिशवी पडवीत ओतली. रामचंद्रची मोटारसायकल तिला येत नव्हती, चालतच जायचं होतं. ती एकेक वस्तू उचलून बाजूला ठेवायला लागली.

"मोठा... मोठा पाना," रामचंद्र म्हणाला.

"तो न्हाय नेत मी. खांदा निखळतो माझा. मोटारीला कशाला लागतोय पाईप पाना?"

"लाग... लागतो."

"लागला तर परत येईन."

तिने पक्कड घेतली, टेस्टर, दोन स्क्रू ड्रायव्हर, छोटे पाने, चिकटपट्टी, मोटारीला सुरुवातीचा जोर देणारा, जुन्या डब्यातला एक चांगला कॅपॅसिटर. घण राहिला. तारांचं भेंडोळं राहिलं. रामचंद्र डाव्या हाताने खुणा करत होता, हे घे, ते घे. ती काही ऐकत होती, काही नाही. शेवटी तिने ती कॅनव्हासची पिशवीही बाजूला सारली आणि सगळं बाजाराच्या पिशवीत भरलं, कारण या पिशवीचा पट्टा रुंद होता.

"मेक... मेक्यानिक वाटत नाय," तो म्हणाला.

"मी हायेच कुठं मेकॅनिक," ती म्हणाली आणि निघाली.

ती फाटकाबाहेर गेल्यावर रामचंद्रची नजर भिंतीवरच्या खुंटीकडे गेली. तिथे त्याचा कामाचा शर्ट तसाच लटकत होता. खिसा खाली ओढलेला दिसत होता. त्यात कुलूप होतं.

कामाला हात लावण्याआधी तो मेन स्विच पाडायचा आणि त्याला हे कुलूप घालायचा, म्हणजे मागाहून कुणी खटका वर करू नये. कुलूप पिशवीत कधी नसायचंच, खिशात असायचं. त्यामुळे पिशवी ओतली तरी ते खाली पडलं नाही. पाईप पान्यासाठी तो एवढा भांडला, आणि हे त्याच्याही डोक्यात आलं नव्हतं.

त्याने डाव्या हाताने फोन उचलला. बोट भलत्याच जागी पडत होतं. व्हिडिओ कॉल लागला तेव्हा पडद्यावर कमळ दिसली, वाडीत पोचली होती. तिने फोन विहिरीच्या कठड्यावर टेकवून ठेवला, म्हणजे त्याला स्टार्टरचा डबा दिसेल.

"बघा, उघडलाय. मेन बंद केलाय मी. चिरागशेठनी दाखवला, सैपाकघराच्या मागं हाय."

"कु..." रामचंद्र म्हणाला. "कु... कु..."

"काय?"

"खि... खिशात. फ्यू..." कुलूप नाही तर निदान मेनचा फ्यूज काढ आणि खिशात ठेव, म्हणजे कुणी खटका वर केला तरी वीज येणार नाही, एवढंच सांगायचं होतं. जीभ टाळूला चिकटून बसली होती. जितका जोर लावावा तितकी ती घट्ट होत होती.

"व्हय, व्हय. नीट करते. तुमी नका तरास करून घेऊ," कमळ म्हणाली आणि डब्यात हात घातला.

नंतर कळलं ते असं. खोल्यांतले पंखे बंद झाले म्हणून पाहुण्यांनी ओरड केली, आणि आचाऱ्याने पडलेले सगळे खटके वर केले.

रामचंद्रला त्यातलं काही दिसलं नाही. पडद्यावर एकदम आभाळ आलं. फोन कठड्यावरून घसरून उताणा पडला होता. सुपारीचे उंच शेंडे वाऱ्यावर डुलत होते, अगदी स्वच्छ दिसत होते. कुठूनतरी कुणीतरी ओरडत होतं, धावल्याचे आवाज येत होते. शेंडे डुलत राहिले. मग फोन बंद झाला.

त्याने परत लावला. कुणी उचलला नाही. शेजारच्या विनेशला हाक मारायला तोंड उघडलं, पण घशातून नुसता हुंकार निघाला. विनेश तसाही दिघीला गेलेला होता. रामचंद्र खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठायला गेला आणि घणाच्या दांड्यावर अडखळून खाली पडला. जमिनीवर, पसरलेल्या हत्यारांमध्ये, तो उजव्या कुशीवर पडून राहिला. फाटकाच्या फटीतून त्याला रस्त्याचा तुकडा दिसत होता. त्यावरून कोंबड्या गेल्या, एक सायकल गेली. त्याला रडायला येत होतं की रडून झालं होतं, हेही त्याला समजेना.

चिरागच्या गाडीतून कमळ आली तेव्हा तिच्या तळहाताला फडकं गुंडाळलेलं होतं आणि कोपर सोललेलं होतं. झटक्याने ती मागे फेकली गेली होती. पायात रबरी चप्पल होती म्हणून निभावलं, असं चिराग दोनदा म्हणाला. दोघांनी मिळून रामचंद्रला उचलून खुर्चीत बसवलं. चिराग निघून गेला.

"मघाशी काय सांगत हुतात तुमी?" तिने विचारलं.

त्याने डाव्या हाताने शर्ट दाखवला. तिने खिशात हात घातला, कुलूप बाहेर काढलं, मेनला लागायचं तेच. मग आजारपणानंतर पहिल्यांदाच ती त्याच्यासमोर मोठ्याने रडली. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. डावा हात तिथपर्यंत नीट पोचतही नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने मोटारीचं राहिलेलं काम करायला जायचं ठरवलं. पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली, कुलूप कमरेला खोचलं. पाण्याचा तांब्या त्याच्या डाव्या बाजूला ठेवला.

"न... नको," तो म्हणाला. काल कुलूप म्हणता आलं नव्हतं, हा शब्द मात्र पुरा निघाला.

"येते मी," ती म्हणाली, आणि त्याच्याकडे न बघता गेली.

थोड्या वेळाने पडवीत ऊन आलं. आधी त्याच्या पायांवर, मग गुडघ्यांवर. खुर्ची मागे सरकवायला घरात कुणी नव्हतं.