पाडव्याला चालत गेलेली म्हैस

माझ्या सासऱ्यांना मी मामा म्हणते, आणि त्यांच्याशी भांडल्याशिवाय आमच्या गोठ्यातला एकही चांगला निर्णय झालेला नाही. हे मी त्यांच्या तोंडावर सांगते, तेव्हा इथं लिहायलाही हरकत नाही.

उचगावच्या पलीकडं रस्त्याला लागून आमचा गोठा. सात म्हशी. मी मलकापूरकडची. माहेरी दोनच जनावरं, तीही घरच्या दुधापुरती. लग्न होऊन आले तेव्हा मामांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "म्हशीतलं तुला काय कळायचं न्हाय. तू आपली वैरण बघ." मला कुणी असं म्हटलं की ते कळेपर्यंत मला चैन पडत नाही. हा माझा जुना रोग आहे.

पुढं दूध संस्थेत बायकांसाठी चार दिवसांचं शिबिर झालं. सासूबाईंना, म्हणजे आत्तींना, पटवून मी गेले. तिथं एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. म्हैस एकवीस दिवसांनी माजावर येते. गाभण राहिली तर येत नाही. पण गाय माजावर आली की हंबरून गल्ली गोळा करते, म्हैस पुष्कळदा मुकी राहते. तिचा माज ओळखायचा तो आदल्या धारेला कमी पडलेल्या दुधावरून, नाहीतर पहाटे शेपटीला दिसणाऱ्या चिकट तारेवरून.

घरी येऊन मी गोठ्यात कॅलेंडर टांगलं, लाल पेन दोरीनं बांधलं आणि प्रत्येक म्हशीचं लिहायला लागले. मामा म्हणाले, "म्हशींच्या पत्रिका मांडल्यास व्हय? आता लग्नं जुळीव."

आमच्या गोठ्याचा खरा घोटाळा काय होता ते मला कॅलेंडर टांगल्यावर कळलं. मामांचा गोठा आसपासच्या गोठ्यांत सगळ्यात स्वच्छ. पहाटे उठले की चहाच्याही आधी पाइप घ्यायचे आणि जमीन, म्हशी, शेपट्या, सगळं लखलखीत धुऊन काढायचे. पावणं आले की म्हणायचे, गोठा हाय का देवघर. आणि म्हैस रात्रभर बसून जी खूण मागं ठेवायची ती रोज उजाडायच्या आत गटारात जायची. इतकी वर्षं आमच्या म्हशी माजावर येत होत्या आणि आम्ही ते पाण्यानं धूत होतो.

"मी बघितल्याबगर पाणी मारायचं न्हाय," असं मी सांगितलं तेव्हा मामा पाइप टाकून निघून गेले. दुसऱ्या पहाटे मी त्यांच्या आधी उठून बॅटरी घेऊन गोठ्यात गेले.

आता थोरलीचं. थोरली म्हणजे आमची सगळ्यात मोठी म्हैस, वळलेल्या शिंगांची, मामांचा जीव की प्राण. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशींची सगर असते. शिंगं रंगवून, गळ्यात कवड्यांची माळ घालून म्हशींना नदीवर नेतात, आणि मालक मोटारसायकल दामटतो तशी त्याची म्हैस मागं सुसाट धावते. दावं नाही, काठी नाही, नुसत्या हाकेवर. ज्याची म्हैस अशी पळते त्याच्या मिशीला वर्षभर पीळ. थोरलीला मामांनी लहानपणापासून शिकवलेलं. सलग तीन पाडवे ती पळाली होती आणि बघणाऱ्यांनी शिट्ट्या मारल्या होत्या.

पण व्याल्याला वर्ष होऊन गेलं तरी ती गाभण राहत नव्हती. दोनदा जनावरांच्या डॉक्टरांकडून रेतन करून भरवली, दोनदा उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली. दूध उतरत चाललं. मामा म्हणायला लागले, "जाऊ दे. ती सगरीचीच म्हैस." मला ते ऐकवेना. मोठ्या कासेची, शांत, धारेला पाय न उचलणारी म्हैस, आणि तिचं काम काय, तर वर्षातून एकदा गाडीमागं पळायचं?

श्रावणात एका संध्याकाळी तिनं दूध कमी दिलं. पहाटे बॅटरी घेऊन बघते तर शेपटीला काचेसारखी स्वच्छ तार. ओरडणं नाही, काही नाही. डॉक्टरांना फोन करून त्याच सकाळी भरवून घेतली आणि कॅलेंडरवर लाल गोल केला. एकवीस दिवस गेले, काही नाही. बेचाळीस गेले, काही नाही. पाडव्याच्या दोन दिवस आधी त्रेसष्ट झाले. रोज पहाटे मी तिच्या मागं उभी. शेपूट कोरडी.

त्या दिवशी मामा रंगाचे डबे घेऊन आले. मी म्हटलं, "मामा, थोरलीला पळवायची न्हाय. गाभण हाय."

"कोण म्हणतंय?"

"कॅलेंडर."

"डाक्टरनं हात घालून बघितलंय?"

बघितलं नव्हतं. दिवस थोडे वाढू देत, मग बघू, असं डॉक्टर म्हणाले होते आणि दिवाळीला गावी गेले होते. मामांनी तेच धरलं. "ती मुकीच म्हैस. माजावर येऊन गेली असंल, तुला दिसली नसंल. गप्प हाय म्हंजे गाभण हाय, हे कुठलं शास्त्र?"

खरं सांगते, गप्प म्हैस रिकामीही असू शकते. तरी मी म्हटलं, "डांबरावर घसरली, गर्दीत दुसरीनं पोटात शिंग घातलं, तर दीड वर्षानं राहिलेलं जाईल. आनि मग तुम्ही मला तोंड दाखवू नका." सासऱ्याला असं बोलतात का? नाही बोलत. आत्तींनी स्वयंपाकघरात भांडं आपटलं, ते माझ्यासाठी होतं की मामांसाठी, ते मी विचारलं नाही.

पाडव्याला मामांनी थोरलीला सजवलं. शिंगं लाल, कपाळाला मोरपीस. मग गाडीला किक मारली. तो आवाज ऐकून थोरली कान टवकारून उभी राहिली. मामांनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा कॅलेंडरकडं. गाडी बंद केली, किल्ली आत्तींच्या हातात दिली आणि दावं धरून चालत निघाले. मी मागून चालले.

नदीवर जो तो गाड्या घुमवत होता, म्हशी उधळत होत्या. आम्ही दोघं कडेकडेनं, थोरलीला मधे घेऊन. एकानं मोठ्यानं विचारलं, "काय वस्ताद, गाडीत पेट्रोल न्हाय व्हय?" सगळे हसले. मामांचा स्वभाव बघता तिथंच जुंपायची. पण ते थांबले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "म्हैस गाभण हाय. सुनंनं सांगितलंय."

मला आनंद व्हायला हवा होता. मी तर मनात दिवस पुन्हा मोजायला लागले. ती रिकामी निघाली असती, तर नदीवर ह्या माणसाचं जे हसं झालं ते माझ्यामुळं आणि फुकट झालं असतं.

दिवाळीनंतर डॉक्टर आले. कोपरापर्यंत हात घालून बघायला लागले. मामा रस्त्याकडं तोंड करून उभे. मी शेपूट धरलेली.

"कॅलेंडर काय म्हणतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

मी दिवस सांगितले.

"बरोबर. तेवढंच हाय."

मी रडले, लपवत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मामा पाइप हातात घेऊन दारात उभे होते. म्हणाले, "बघून झालं का तुझं? पाणी मारू?"

त्या दिवसापासून रोज विचारतात.

पावसाळ्याच्या तोंडावर थोरली व्याली. रेडी झाली, काळीभोर, आईसारखीच कपाळानं रुंद. व्याल्यावरची वार वेळेत पडली, दूध पहिल्यापेक्षा चढलं, आणि दोन-अडीच महिन्यांनी लाल पेन मी पुन्हा उचललं. ह्या खेपेला तार मामांनीच आधी बघितली आणि मला हाक मारली. आता आमच्या सातही म्हशींचे लाल गोल त्या कॅलेंडरवर आहेत, आणि गल्लीतल्या तिघी बायका तसंच कॅलेंडर टांगून बसल्यात. मला त्याचा गर्व आहे, असू दे.

पाडवा आला. थोरली सजली, दावं मामांच्या हातात, किल्ली आत्तींकडं. मी रेडीला घेऊन मागं. नदीवर तोच गडी भेटला.

"काय वस्ताद, यंदाबी चालतच?"

"व्हय," मामा म्हणाले. "परत गाभण हाय. आमच्या म्हशीला आता पळायला सवडच न्हाय."