देवीच्या घटाला एलईडी

घटाला लाईट लावणारा आमच्या भावकीतला मी पहिला माणूस. आई म्हणते, शेवटचापण मीच.

मी वडवणीत एका शाळेवर विज्ञान शिकवतो. आई माझ्याकडं असते, थोरला भाऊ दिंद्रुडला शेती बघतो. नवरात्रात दादानं रानातली काळी माती पाठवायची, आईनं ती पत्रावळीवर पसरून ज्वारी, गहू, हरभरा, करडई पेरायची, मधोमध घट मांडायचा. दसऱ्याला धान किती वाढलं ते बघून यंदाची रब्बी कशी जाणार ते आई सांगते. धान उंच, तर साल चांगलं. मोबाइलवरच्या पावसाच्या अंदाजाला दादा शिव्या घालतो, पण आईच्या घटाला हात जोडतो!

यंदा दादाचं सोयाबीन पाण्यात गेलतं. घट बसायच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला.

"आई, घट नीट बसव बरं. आता सगळी मदार रब्बीवरच हाय."

आईला घोर लागला. आमचं देवघर जिन्याखाली, तिथं दिवसासुद्धा अंधार. मी छाती पुढं काढून म्हणालो, "आई, तू निवांत राहा. यंदा घट मी वाढवतो!"

(सुनीतानं, म्हणजे माझ्या बायकोनं, तेव्हाच कपाळावर हात मारला होता. अनुभवी बाई आहे.)

माझ्या या बढाईमागं कारण होतं. त्या उन्हाळ्यात मी स्वयंपाकघरातल्या फळीवर एलईडीखाली पुदिना वाढवला होता. चार काड्या आल्या होत्या, पण आल्या होत्या! मग काय, बीडहून लाल आणि निळ्या एलईडीच्या पट्ट्या आणल्या, अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर सारख्या अंतरानं चिकटवल्या. उजेड इकडंतिकडं सांडू नये म्हणून बाजूनं पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद लावला. निळ्या उजेडानं पानं जोमात येतात, तांबड्यानं फुलं, असं मी वाचलं होतं. घटाला फुलं कशाला पाहिजेत? म्हणून तीन पट्ट्या निळ्या आणि एकच लाल. हे सगळं देवीच्या डोक्यावर दोरीनं टांगलं.

"अगं बया! देवी निळी पडली की रं!" आई किंचाळली.

"आई, ते धानासाठी हाय."

"आन् देवीनं काय गॉगल लावावा का?"

दुसऱ्या माळेला (रोज घटावर फुलांची एक माळ चढते, म्हणून दिवससुद्धा माळेनंच मोजायचे) कोंब दिसले. तिसऱ्या माळेला माती खडखडीत वाळली. पट्ट्या फार जवळ टांगल्या होत्या. मी दोरी वीतभर वर घेतली आणि पत्रा थंड राहावा म्हणून जुन्या कंप्युटरमधला छोटा पंखा काढून वर बसवला. बटण दाबलं मात्र, शेजारची अखंड ज्योत आडवी झाली!

"दिवा! दिवा!" म्हणत आई पदर आडवा धरून धावली, पदर पेटू नये म्हणून सुनीता आईला धरून धावली, आणि मी पंखा बंद करायला धावलो ते थेट नैवेद्याच्या ताटात पाय घालून. ज्योत वाचली. पुरणपोळी गेली.

पण धान! काय धान होतं महाराजा! हिरवंगार, जाड, ताठ. मी रोज शाळेतली पट्टी लावून मोजायचो आणि वहीत लिहायचो. सहाव्या माळेला सुनीता शेजारच्या कमलकाकूंकडं हळदीकुंकवाला जाऊन आली आणि दारातच थबकली.

"अहो, काकूंच्या घटाचं धान वीतभर झालंय. पिवळंधमक, नुसतं डुलतंय."

"आन् आपलं?" आईनं विचारलं.

आपलं चार बोटं होतं.

आई मटकन खाली बसली. त्या क्षणी मला नववीच्या वर्गाला दरवर्षी मीच शिकवतो तो धडा आठवला: अंधारात रोप उजेड शोधत उंच, पिवळं, लुकडं वाढतं, भरपूर उजेडात, त्यातही निळ्या, ते ठेंगणं आणि हिरवं राहतं. म्हणजे माझी लाईट जितकी उत्तम, तितका आमचा घट बुटका! त्या काळोख्या जिन्याखाली आई इतकी वर्षं बरोबर करत होती.

"आई, काकूंचं धान अशक्त हाय गं. आपलंच निरोगी हाय!"

"निरोगी घाल चुलीत! दादाला काय सांगू मी? चार बोटं पीक येईल म्हणू?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला लई वाईट वाटलं.

मी ताबडतोब लाईट उतरवली. वर टोपलं पालथं घालून अंधार करावा असं सुचवलं, तर आई कडाडली, "देवीला कोंबडीवानी झाकतोस व्हय रं?" मग उरलेले तीन दिवस मी देवघराला पडदा लावून बसलो. धान आणखी दोन बोटं वाढलं. खाली हिरवं, वर पिवळं. असा दुरंगी घट वडवणीत कुणी बघितला नव्हता. कमलकाकू तर तो बघायला बहिणीला घेऊन आल्या.

दसऱ्याला सकाळीच दादा आला. घटाकडं बघून त्याचं तोंड उतरलं.

"काय रं मास्तर, हे असं कशानं झालं?"

मी सगळं कबूल केलं. दादानं आईपुढं हात जोडले. "आई, काय म्हणतोय मग घट? ज्वारी पेरू का नगं?"

आईनं धानावरनं हात फिरवला, एक रोप उपटून मूळ बघितलं. दादा पाणावल्या डोळ्यांनी तिच्या तोंडाकडं बघत होता, आणि मी जमिनीत जायला जागा शोधत होतो.

"पेर," आई म्हणाली. "मूळ धट्टंकट्टं हाय. जोमात येईल ज्वारी. घट एवढंच म्हणतोय, ह्या मास्तराला तेवढं रानात पाय ठेवू देऊ नगस."

दादानं ते अक्षरशः पाळलं. हुरड्याला सगळी भावकी रानात बसली होती आणि मला बांधावर, पलीकडच्या अंगाला, सतरंजी टाकून दिली होती. ज्वारी डोक्याच्या वर गेली होती, कणसं ही एवढाली! आता मी विज्ञानाचा मास्तर असलो म्हणून काय झालं, एवढ्या पुराव्यापुढं बोलायचं तरी काय?